मास्तरांच्या इंजिनातलं वारं

येडगावच्या कमरुद्दीन मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत पोरांचे कान उपटले, तालुकाभराचे अर्ज लिहून दिले आणि एका मात्रेची चूक न करता ते पेन्शनीत निघाले. गावात कुणाचाही कागद असो, लिहायचा मास्तरांनी, आणि कचेरीतून उत्तर आलं की चावडीवर वाचायचंही मास्तरांनी. लाल तुर्की टोपी, गळ्यापर्यंत बंद कोट आणि बगलेत छत्री अशी स्वारी निघाली की पारावरची माणसं विड्या विझवत. अशा माणसाला भर चिखलात उभं करून ठेवायची हिंमत गावात एकट्या गेणभाऊ नावाड्याची होती.

पावसाळ्यात कुकडीला उतार नसायचा. अलीकडे येडगाव, पलीकडे पिंपळवंडीची वाट, मध्ये गावाची होडी आणि होडीवर गेणभाऊ. आज्यापासून हे काम त्याच्या घरात होतं. पगार असा नव्हता. सुगीला दोन्ही काठांच्या खळ्यांवरून नावाड्याचं बलुतं म्हणून धान्य मिळायचं, त्यावर तो आणि त्याची बायको अंबाबाई वर्ष काढायची. असा माणूस कुणाचा नोकर नसतो. गेल्या श्रावणात शाळाखात्याच्या साहेबांना घेऊन मास्तर काठावर आले, तेव्हा होडी पलीकडे होती. मास्तरांनी छत्री हलवली, हाका मारल्या. पलीकडून आवाज आला, "भाकर खातूय मास्तर! आलोच!"

तो आला पाऊण तासानं, मिशीला लागलेलं कोरड्यास पुसत. तोवर साहेबांच्या बुटात पाणी गेलं होतं. पुढे मास्तरांच्या निरोपसमारंभात साहेबांनी तो किस्सा रंगवून सांगितला आणि वर म्हणाले, "मास्तरांना सगळा तालुका भितो, एक गेणभाऊची भाकरी सोडून." सभा हसली. गेणभाऊ मागं उभा राहून सगळ्यांत मोठ्यानं हसला. मास्तरांच्या गळ्यात हार होता, त्यामुळे त्यांना हसता येईना आणि उठूनही जाता येईना. त्याच खुर्चीत त्यांनी ठरवलं, की होडीला इंजिन बसवायचं.

आता खरं पाहिलं, तर इंजिनानं भाकरीचा प्रश्न सुटत नव्हता. इंजिन असलं तरी नावाड्याला जेवावं लागतंच. पण हे मास्तरांना सांगणार कोण? त्यांच्या पत्नी हाजराबी यांनी सांगून पाहिलं. लेक ताहेरा सासरी जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्या नवऱ्याला तिच्याच नावानं हाक मारत. "ताहेराचे अब्बा, त्या माणसाला दोन घास सुखानं खाऊ द्या की."

"हा घासांचा प्रश्न नाही," मास्तर म्हणाले. "हा सुधारणेचा प्रश्न आहे."

सुधारणेला वशिला लागतो, तो घरातच निघाला. हाजराबींचा धाकटा भाऊ राजमहंमद मुंबईच्या गोदीत फिटर होता. मोडीत निघालेल्या एका लाँचचं डिझेल इंजिन त्यानं मिळवलं, आगगाडीनं पुण्यापर्यंत आणि पुढं बैलगाडीनं आणून बहिणीच्या दारात उतरवलं. सन एकोणीसशे सदतीसचा ज्येष्ठ महिना होता. सगळं गाव बघायला लोटलं. शेजारच्या दोघी बायका हळदकुंकू घेऊन आल्या आणि कुठं लावायचं ते न कळल्यामुळे सगळीकडेच लावून गेल्या.

मग परवानगी. होडी गावाची, म्हणजे कचेरीला विचारायला हवं. मास्तरांनी सुंदर अक्षरात अर्ज केला. तालुक्याहून विचारणा आली, की हे वाहन समजावे की कारखाना? वाहन असल्यास चाके किती? मास्तरांनी लिहिलं, चाके नाहीत. त्यावर पत्र आलं, की चाके नसल्यास ते वाहन नव्हे. मग कारखाना म्हणावा, तर कारखान्याला चतुःसीमा लागतात आणि नदीत चतुःसीमा दाखवायच्या कशा? शेवटी दोन महिन्यांनी 'पाणी उपसण्याचे यंत्र' म्हणून मंजुरी मिळाली, एका अटीवर: यंत्र पक्क्या जोत्यावर बसवावे. मास्तर कायद्याचे भोक्ते. त्यांनी होडीच्या तळाशी, इंजिनाच्या चार पायांखाली, चार विटा ठेवल्या आणि त्याला जोतं म्हटलं. गेणभाऊ काठावर उकिडवा बसून बघत होता. तो म्हणाला, "मास्तर, आता येक तुळस बी लावा की म्होरं."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी इंजिन पाण्यात उतरलं. कुशाबा पाटील हा गावचा पाटील आणि मास्तरांचा शेजारी. जन्मात एकदाही सल्ला द्यायची संधी त्यानं सोडली नव्हती. "नारळ फोडायचा का फातेहा द्यायचा, मास्तर?" त्यानं विचारलं. दोन्ही झालं. राजमहंमदनं दोन-तीन नट इकडून तिकडे केले, हॅण्डल फिरवलं आणि कुकडीच्या इतिहासात पहिल्यांदा होडी भकभक धूर सोडत, कुणाच्याही भाकरीची वाट न बघता पलीकडे गेली. गेणभाऊ सुकाणू धरून गप्प उभा होता. मास्तर टोकाला उभे होते, टोपी सावरत. राजमहंमद इंजिनाजवळून ओरडून काही सूचना सांगत होता. त्या धडधडीत मास्तरांना एक अक्षर ऐकू आलं नाही, पण दोन्ही काठांवर माणसं होती, म्हणून ते प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिले. चारचौघांत 'काय म्हणालात?' असं विचारायची सवय मास्तरांना नव्हती. संध्याकाळी राजमहंमद इंजिनाचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या हातात देऊन मुंबईला गेला.

आता या भागातली एक रीत सांगायला हवी. दिवस मावळला की शेतकरी विहिरीवरची मोट आणि तिचा दोर, म्हणजे नाडा, खांद्यावर टाकून घरी आणतो. रानात ठेवला तर सकाळी तो दुसऱ्याच्या विहिरीवर दिसतो. भावाच्या भरवशावर जमीन ठेवतील, पण नाडा ठेवणार नाहीत. मास्तर शिकलेले खरे, पण वाढले याच रीतीत. टाकीतलं डिझेल म्हणजे तर सोनंच. गाडीच्या आसाला चालतं, पलित्याला चालतं, लाकडाला चोपडलं तर वाळवी पळते. ते नदीवर उघडं टाकायचं? रोज दिवस मावळताना मास्तर टाकीखालची तोटी उघडत, थेंबन् थेंब डब्यात काढून घेत, शाळेतली फूटपट्टी आत बुडवून उंची वहीत टिपत आणि डबा घरी नेऊन आपल्या खाटेखाली ठेवत. सकाळी गेणभाऊ यायचा, डबा डोक्यावर घेऊन नदीवर जायचा. मास्तर मागाहून वही आणि फूटपट्टी घेऊन जात आणि पुन्हा मोजून ते तेल टाकीत ओतत.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन चालेना.

म्हणजे अगदीच चालत नव्हतं असं नाही. हॅण्डल मारून मारून चार माणसांचे दंड भरून आले, की ते दोनदा खोकायचं, पाच-पन्नास हात जायचं आणि पडायचं. मग गेणभाऊ मुकाट्यानं वेळू काढायचा आणि होडी रेटत न्यायचा. पण आता तिच्यात इंजिनाचं वजन होतं, चार विटांचं होतं आणि मास्तरांचंही होतं. पूर्वी जिथं दहा मिनिटं लागायची, तिथं अर्धा तास लागू लागला. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुशाबा पाटलानं सांगितलं, गारठ्यानं धरलंय, घोंगडी टाका. घोंगडी टाकली. कुणी म्हणालं, खालून गोवऱ्या पेटवा. मास्तरांनी होडी लाकडाची असल्याचं दाखवून दिलं, तेव्हा सल्ला देणारा नाराज होऊन निघून गेला. पिंपळवंडीच्या एका म्हाताऱ्यानं लिंबू उतरवून टाकलं. मास्तर इंग्रजी पुस्तक उघडून बसत. त्यांचं इंग्रजी क्रमिक पुस्तकातलं. त्यात कोंबड्या होत्या, सज्जन शेतकरी होता, इंजिन नव्हतं. तरी ते पानं उलटत आणि अधूनमधून "हं!" म्हणत, म्हणजे बघणाऱ्यांना धीर यावा.

आणि वहीत एक गोष्ट दिसू लागली. संध्याकाळी फूटपट्टी चार इंच दाखवी, तर सकाळी नदीवर पावणेचार. रोज. मध्ये तो डबा वाहून आणणारा माणूस एकच होता. आणि त्याचं घर वाटेवर होतं.

मास्तरांनी हे मनात ठेवलं. पण मनात ठेवलेली गोष्ट राहत नाही, ती वाढते. गेणभाऊ हसला की त्यांना वाटे, हा तेल पितोय. इंजिन पडलं की वाटे, यानंच काहीतरी केलंय. याला इंजिन नकोच आहे.

भादव्याच्या पहिल्या आठवड्यात मामलेदारसाहेब पुराची पाहणी करायला आले. मास्तरांनी कोटाला इस्त्री करवली. त्या सकाळी इंजिन नशिबानं तिसऱ्याच हॅण्डलला सुरू झालं. साहेब होडीत बसले, मास्तर त्यांच्याशेजारी, आणि होडी मधल्या धारेत पोचता पोचता इंजिनानं एक आचका दिला आणि प्राण सोडला. पाणी जोरात होतं. होडी आडवी फिरली, खाली वाहू लागली आणि एका बाभळीच्या बनात जाऊन शिरली. साहेबांची पगडी काट्याला लागून राहिली आणि एक जोडा कुकडीला गेला. मास्तर "घाबरू नका, घाबरू नका" म्हणत साहेबांच्या मांडीवर बसले. गेणभाऊ दोर दातांत धरून पाण्यात उडी मारून गेला, काठावरच्या झाडाला वेढा दिला आणि त्यानं होडी ओढून आणली. त्याच्या पाठीला काट्यांनी ओरखडे पडले होते.

काठावर पाऊणशे माणसं होती आणि त्यातली निम्मी हसत होती. साहेब एका जोड्यावर उभे होते. "मास्तर," ते म्हणाले, "हे काय आहे?"

त्या क्षणी खरं उत्तर होतं, 'मला माहीत नाही.' पण ते वाक्य मास्तरांनी एकतीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते तोंडाशी आलंच नाही. ओल्या गेणभाऊकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा तेल चोरतो, साहेब. रोज पाव इंच. माझ्याकडे वही आहे. आणि इंजिनही हाच बिघडवतो."

हसणं थांबलं. गेणभाऊला आधी कळलंच नाही की कुणाबद्दल चाललंय. मग तो म्हणाला, "म्या? मास्तर, म्या?"

"लेखी द्या," मामलेदार म्हणाले आणि एका पायावर लंगडत गाडीकडे गेले.

मास्तरांनी लेखी दिलं. इतका चांगला अर्ज त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. आठ दिवसांनी कचेरीचा हुकूम आला: तेलाची चोरी केल्याच्या आरोपावरून सदर नावाड्याकडून होडी काढून घ्यावी, चौकशी होईपर्यंत त्याचे बलुते बंद ठेवावे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. हुकूम चावडीवर वाचायचा असतो आणि वाचणारे मास्तरच. त्यांनी खणखणीत आवाजात वाचला, 'चोरी' या शब्दावर जरा थांबून. बायका कडुनिंबाखाली उभ्या होत्या. अंबाबाई त्यांच्यात होती. दुसऱ्या दिवसापासून ती पाणवठ्यावर दिसेना. गेणभाऊ कळंबच्या सडकेवर खडी फोडायला गेला.

होडी काठाला बांधून पडली. चालवणार कोण? मास्तर रोज सकाळी स्वतः डबा घेऊन जात, तेल ओतत आणि हॅण्डल मारत. चोर गेला म्हणून सकाळचं मोजणं त्यांनी सोडून दिलं होतं. लोक आता सल्ला देत नव्हते. नुसते उभे राहून बघत आणि परत जात. ते मास्तरांना जास्त लागायचं.

दहा-बारा दिवसांनी एक बाई काठावर आली. डोक्यावर पदर, कमरेला पिशवी, पिशवीतून पान्याची दांडी बाहेर आलेली. ती कळंबची झुंबरबाई. नवरा वारल्यावर त्याची पिठाची गिरणी तीच चालवत होती. तिच्या भाचीचं घर पिंपळवंडीला होतं, तिकडं निघालेली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि मास्तरांचं हॅण्डल मारणं बराच वेळ पाहिलं.

"हवा काडली का?" तिनं विचारलं.

मास्तर घामाघूम होते. "बाई, हे डिझेल इंजिन आहे. गिरणी नव्हे."

"गिरणीला बी ह्येच लावलंय की. जरा सरा, मास्तर."

मास्तर सरले. ते का सरले, हे त्यांना पुढं कितीतरी दिवस कळलं नाही. झुंबरबाईनं पदर खोचला, नळीवरून बोट फिरवत टाकीपासून गाळणीपर्यंत गेली आणि तिथला एक नट पान्यानं अर्धा फेरा सैल केला. फसफस करून फेस आला. नुसता फेस. ती बोट टेकवून थांबली. बुडबुडे कमी होत गेले, मग तेलाची सलग धार लागली, तेव्हा तिनं नट आवळला. तसंच पुढं पंपापाशी केलं. तिथूनही वारं निघालं. मग तिनं हॅण्डल सावकाश फिरवलं आणि कान इंजिनाला लावला. आतून कर्र, कर्र असा आवाज यायला लागला. "आता बोलतंय," ती म्हणाली आणि एक झटका दिला. इंजिन धडधडायला लागलं. नुसतं धडधडलं नाही, थांबेचना.

काठावर टाळ्या वाजल्या. झुंबरबाईनं हात पदराला पुसले. "रातचं टाकी रिकामी करता का काय?"

मास्तरांना अजूनही वाटलं की हा कौतुकाचा प्रश्न आहे. "रोज," ते म्हणाले. "थेंबही ठेवत नाही. चोरीची भीती."

झुंबरबाई हसली असती तर बरं झालं असतं. तिनं कीव केली. "आवो मास्तर, तेल काडलं की नळीत वारं भरतंय. वर किती बी वता, वारं मदी बसून ऱ्हातंय, तेल म्होरं जाऊच देत न्हाई. इंजान उपाशी मरतंय. लई सादी गोष्ट हाय. आमच्या गिरणीचं असंच झालं व्हतं. दोन दिस बाया दळणं घिऊन उनात बसल्या, तवा मला कळलं." मग आजूबाजूला बघून तिनं सहज विचारलं, "तुमचा नावाडी कुठाय? त्यो कसा म्हनला न्हाई? रोज शेजारी उभा ऱ्हात असंल."

कुशाबा पाटील नदीकडे बघू लागला. मास्तरांना एकदम आठवलं, गेणभाऊ म्हणाला होता. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशीच. "मास्तर, टाकीत तेल ऱ्हाऊ द्या की. बैलाला बी रातची वैरण लागती." मास्तरांनी तेव्हा त्याला यंत्र आणि बैल यांतला फरक समजावून सांगितला होता.

ते घरी आले. टोपी खुंटीला लावली, ती खाली पडली, त्यांनी उचलली नाही. आता एकच आधार उरला होता, तो पाव इंच. इंजिन वाऱ्यानं बंद पडत असेल. पण तेल तर कमी होत होतं! चोर तो चोरच. त्यांनी खाटेखालून डबा ओढला, वही काढली आणि हाजराबींना म्हणाले, "हा डबा रोज सकाळी पाव इंच उणा भरायचा. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" हाजराबी चूल फुंकत म्हणाल्या. "मीच घेते ना पळीभर. खाटेच्या पायांना वाळवी लागलीय, चौकटीला लागलीय. तुम्ही झोपता त्याच खाटेला चोपडते रोज. वास नाही आला कधी?"

मास्तर खाटेवर बसले. वास येत होता. गेला दीड महिना येत होता, आणि त्यांना वाटत होतं की तो आपल्या कोटाला येतोय.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर परस्पर कचेरीला लिहिलंत. मला चावडीवरच कळलं. आल्यावर सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, सरकारी कामात बोलू नका." हाजराबींनी फुंकणी बाजूला ठेवली. "अंबाबाई ताहेराच्या बाळंतपणात आठ दिवस आपल्या ओट्यावर झोपली होती. आता मला बघून वाट बदलते. मी कुठल्या तोंडानं तिला हाक मारू?"

मास्तर दुपारी गेणभाऊच्या घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवरून परत आले. पुन्हा निघाले. अंबाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं त्यांना पाहिलं, सूप ठेवलं, घोंगडी झटकून ओट्यावर टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. मास्तर त्या घोंगडीसमोर उभे राहिले. बसायचं धाडस झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना उत्तर तरी देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते तडक जुन्नरला कचेरीत गेले. तिथला कारकून सयाजी हा त्यांचाच विद्यार्थी. ऱ्हस्व-दीर्घासाठी त्यानं पूर्वी बराच मार खाल्ला होता. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली.

"सयाजी, माझा अर्ज परत दे," मास्तर म्हणाले.

"गुरुजी, नोंदलेला कागद परत देता येत नाही. तो मागे घेण्याचा अर्ज करावा लागतो. कारण लिहून."

मास्तरांनी तिथंच लिहिलं: 'गैरसमज झाल्यामुळे.'

सयाजीनं वाचलं आणि मान हलवली. "कोणाचा गैरसमज, कशाबद्दल, ते येत नाही, गुरुजी. तुम्हीच शिकवलंत, कर्त्याशिवाय वाक्य लिहू नये."

मास्तरांनी कागद ओढला. 'तेलाबाबत काही गैरसमज झाला होता.' सयाजी नम्रपणे म्हणाला, यात नावाडी सुटत नाही, नुसता संशयाचा फायदा मिळतो. बलुतं बंदच राहील. तिसऱ्या मसुद्यात मास्तरांनी वाळवीचा उल्लेख केला, पण वाळवी कोणाच्या खाटेची ते गाळलं. सयाजीनं ती जागा बोटानं दाखवली. चौथ्यात हाजराबी आल्या. पाचव्यात टाकी रोज रिकामी करणारा माणूस आला. सहाव्यांदा लिहिताना 'मानभंग' या शब्दावर मास्तरांची शाई सांडली. आयुष्यात प्रथमच. सयाजीनं टीपकागद पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं.

"आता झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं. फक्त..." सयाजी चाचरला. "पहिला हुकूम चावडीवर वाचला गेलाय. तर हा अर्जही वाचावा लागेल. नियम आहे."

"गावात वाचणारा मीच आहे, सयाजी."

"माहीत आहे, गुरुजी," सयाजी हळूच म्हणाला.

पाच दिवसांनी कुशाबा पाटलानं दवंडी दिली. चावडी भरली. पलीकडच्या काठावरून माणसं आली; त्यांना आणायला होडी मास्तरांनीच नेली होती, इंजिन एका झटक्यात सुरू झालं होतं, आणि त्याचं त्यांना काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. गेणभाऊ कळंबहून आला होता. खांबाला टेकून बसला होता, बोटांना चिंध्या बांधलेल्या. खडीनं फुटली होती.

मास्तर उभे राहिले. कागद त्यांच्याच अक्षरात होता, तरी त्यांना तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी, कमरुद्दीन, पेन्शनर शिक्षक, राहणार येडगाव, राजीखुशीनं लिहून देतो की गेणभाऊ नावाडी यानं कधीही तेल चोरलं नाही. कमी झालेलं तेल माझ्याच घरात, माझ्याच खाटेला वाळवी लागल्यामुळे वापरलं गेलं, आणि मी घरात विचारलं नाही. इंजिन बंद पडायचं ते मी रोज टाकी रिकामी करून नळीत हवा भरत होतो म्हणून. गेणभाऊ यानं मला तसं सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. मामलेदारसाहेबांपुढे माझा मानभंग झाला, म्हणून मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. त्याची होडी आणि बलुतं त्याला पूर्ववत द्यावं.

मास्तरांचा आवाज मध्येच इतका खाली गेला की मागच्या ओळीतली माणसं पुढं सरकली. कोणी हसलं नाही. त्यांनी कागदाची घडी केली आणि ते उभेच राहिले, कारण बसायचं कुठं ते सुचेना.

गेणभाऊ खांब धरून उठला. मास्तरांना वाटलं, आता हा काय बोलेल ते ऐकून घ्यायचं.

"मास्तर," तो म्हणाला, "येक काम करा. परत वाचा. जरा मोठ्यानं. आमची मंडळी भाईर लिंबाखाली उभी हाय. मागल्या येळंला तिनं समदं ऐकलं व्हतं. आत्ता तिला काय बी ऐकू गेलं न्हाई."

मास्तरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग माणसांतून वाट काढत ते बाहेर पायरीवर आले, बायकांकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी कागद उलगडून तारखेपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.